पाय कुठं होता?

विमानाची चाकं जमिनीला टेकली की पोटातला गोळा सुटतो. प्रवासी म्हणून बसलेल्यालाही हे ठाऊक असतं. धक्का बसतो, सगळ्या विमानातून सुटकेचा निःश्वास निघतो आणि कुणीतरी लगेच पट्टा सोडायला घेतो. दोन जागांच्या विमानात एकटा बसलेला शिकाऊ वैमानिकही तसाच निःश्वास सोडतो. माझा अपघात त्या निःश्वासात झाला. 1984 चा मे महिना, दुपारचे साडेचार. एकट्याने उडण्याचे माझे जेमतेम अकरा तास भरले होते.

अपघात म्हणावा एवढा मोठा तो नव्हता. कुणाला खरचटलंही नाही, वर्तमानपत्रात ओळ आली नाही. उजव्या पंखाचं टोक घासलं, कापड फाटलं, उजव्या चाकाचा दांडा वाकला. पण पुढची चाळीस वर्षं मी जे काही उडलो आणि शिकवलं, ते सगळं त्या आठ-दहा सेकंदांपाशी येऊन थांबतं.

विमान पुष्पक होतं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बनवलेलं, 1958 साली पहिल्यांदा उडालेलं. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत एका अख्ख्या पिढीचा हात या विमानावर बसला. पंख डोक्यावर, नव्वद अश्वशक्तीचं इंजिन, शेजारी शेजारी दोन जागा, आणि अंगावर पत्र्याऐवजी ताणून बसवलेलं कापड. रिकामं वजन चारशे किलोच्या आसपास, म्हणजे अँबॅसेडर गाडीच्या निम्म्याहून कमी. इंजिन सुरू करायला एकाने पुढे उभं राहून पंखा हाताने फिरवायचा. सकाळी शेडमधून बाहेर काढताना दोघं जण त्याला सहज ढकलत नेत, आणि वारा असला की दोघांपैकी एकाला पंखाला लोंबकळावं लागे.

पुष्पकला पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीखाली एक चिमुकलं चाक असतं. हल्लीच्या शिकाऊ विमानांचं तिसरं चाक नाकाखाली असतं. फरक एवढाच दिसतो, पण त्यात सगळं आलं. नाकाखाली चाक असलेल्या विमानाचं वजन मोठ्या चाकांच्या पुढे पडतं, त्यामुळे ते जरा वळलं तरी स्वतःहून सरळ व्हायला बघतं. शेपटीवर टेकणाऱ्या विमानाचं वजन मोठ्या चाकांच्या मागे असतं. ज्याने ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली मागे रेटली आहे त्याला पुढचं सांगायला नको. ट्रॉली सरळ जाते आहे तोवर ठीक. जराशी कलली की ती आणखी कलते आणि बघता बघता आडवी होते. सुरुवातीला बोटभर स्टिअरिंगने सावरते, नंतर सगळी ताकद लावून सावरत नाही. विमान अशी गिरकी घेतं तिला वैमानिक ग्राउंड लूप म्हणतात.

आता यात वारा आणा. शेपटीवरचा उभा पडदा आडव्या वाऱ्याला अडतो, शेपूट वाऱ्याबरोबर ढकलली जाते आणि नाक वाऱ्याच्या तोंडाकडे वळतं. जुन्या बंगल्यांच्या छपरावर पत्र्याचा कोंबडा असायचा, तो याच कारणाने वाऱ्याकडे चोच करून उभा राहायचा.

आडव्या वाऱ्याचा हिशेब आम्हाला घड्याळावर शिकवला होता. वारा धावपट्टीशी 30 अंशांचा कोन करत असेल तर त्याचा अर्धा जोर आडवा धरायचा, 45 असेल तर पाऊण, 60 किंवा जास्त असेल तर पूर्ण. अर्धा तास, पाऊण तास, पूर्ण तास. गणित करून बघितलं तर 60 अंशांना 87 टक्केच भरतात, पण विमानात बसलेल्याने पूर्ण धरलेलं बरं. आमची धावपट्टी पूर्व-पश्चिम होती. पश्चिमेकडे तोंड करून उतरलं की तिचं नाव 27, कारण होकायंत्रावर पश्चिम म्हणजे 270 अंश आणि त्यातलं शेवटचं शून्य सोडून द्यायचं. त्या दुपारी वारा 210 अंशांवरून, नैर्ऋत्येच्याही दक्षिणेकडून येत होता. मला शिकवणाऱ्या सरांनी विंडसॉककडे, म्हणजे वारा दाखवणाऱ्या कापडी मोज्याकडे बघून बारा नॉट म्हटलं. म्हणजे जवळजवळ सगळा वारा आडवा, डावीकडून.

बारा नॉट म्हणजे ताशी बावीस किलोमीटर. सायकलवाल्याला नकोसा वाटेल एवढाच वारा. पण पुष्पक उतरायला येतं तेच मुळी पन्नास नॉटच्या आसपास. वारा त्याच्या वेगाच्या पाव हिस्सा झाला. मोठं जेट 140 नॉटने येतं, त्याला हाच वारा बाराव्या हिश्श्याएवढा लागतो. म्हणून मोठ्या विमानाला जी नुसती झुळूक असते, तिच्याशी लहान विमानाला झगडावं लागतं.

पूर आलेल्या नदीतून नाव पैलतीरी न्यायची तर नावाडी तिचं तोंड समोरच्या घाटाकडे ठेवत नाही, प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवतो. हवेतही तेच. पट्टीच्या रेघेवर यायचं तर नाक वाऱ्याकडे वळवून तिरकं यावं लागतं. पण नाव तिरकी किनाऱ्याला लागली तर चालतं, विमानाची चाकं तिरकी टेकून चालत नाही. म्हणून शेवटी वाऱ्याकडचा पंख खाली झुकवायचा आणि विरुद्ध पायाने रडर, म्हणजे शेपटीचा हलता पडदा, दाबून नाक पट्टीच्या रेघेत आणायचं. डावीकडून वारा असेल तर हात डावीकडे, पाय उजवीकडे. अंग याला नाही नाही म्हणतं. जन्मभर आपण वळायचं त्याच बाजूला सगळं वळवत आलेलो असतो.

थोडं मागं जाऊन एक सांगतो, कारण ते कळल्यावर मला या विमानांविषयी फार माया वाटली. आडवा वारा ही अडचण धावपट्टीने आणली. सुरुवातीचे विमानतळ म्हणजे मोकळी मैदानं होती. वैमानिक वरून धूर बघायचा, झाडं बघायचा, आणि वारा जिकडून असेल तिकडे तोंड करून उतरायचा. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथ विमान शेपटीवरच टेकणारं होतं, आणि तेव्हाचं जुहू म्हणजे भरतीच्या चिखलाची सपाट जमीन. वाऱ्याला सामोरं जाऊन उतरायचं असेल तर शेपटीचं चाक अतिशय गुणी असतं. पुढे विमानं जड झाली, डांबर आणि काँक्रीट आलं आणि दिशा कायमच्या ठरल्या. आजही आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची शिफारस अशी आहे की पट्टीची दिशा निवडताना 95 टक्के वेळ आडवा वारा मर्यादेत राहील असं बघावं. छोट्या पट्टीसाठी ही मर्यादा दहा नॉटची. उरलेले पाच टक्के म्हणजे वर्षाचे अठरा दिवस. त्या दिवसांचं वैमानिकाने बघायचं.

तर त्या दुपारी मी पट्टीभोवतीचं सर्किट पुरं करून 27 च्या रेघेत आलो. सरांनी आधी माझ्याबरोबर दोन फेऱ्या मारल्या होत्या, मग ते उतरले आणि मला एकट्याला पाठवलं. त्यांचं वजन गेल्यामुळे विमान हलकं झालं होतं आणि पट्टीवर जरा जास्त तरंगलं. डावा पंख खाली होता, उजवा पाय दाबलेला होता. कडेचं वाळलेलं गवत एका बाजूला झोपलेलं दिसत होतं. आधी डावं चाक टेकलं, एक बारीक चीत्कार झाला, मग उजवं चाक आणि शेपूट. आजही सांगतो, ते टेकणं चांगलं होतं. नंतर मी हजारो वेळा उतरलो, त्यातल्या पुष्कळ वेळांपेक्षा चांगलं.

आणि मी सुटलो. डावीकडे धरलेला हात आपोआप मध्यावर आला. उजवा पाय पेडलवरच होता, पण त्यातलं वजन गेलं. आता एस. टी. पकडून संध्याकाळी घरी, असं काहीतरी मनात आलं होतं.

पहिल्यांदा डावा पंख उचलल्यासारखा वाटला. मग नाक डावीकडे सरकायला लागलं. फार हळू सरकत होतं. मी बघत होतो. नाक सरकतंय हे डोळ्यांनी बघत होतो आणि पायापर्यंत ते पोचत नव्हतं. पोचलं तेव्हा मी उजवा पाय दणकन दाबला, पण ट्रॉली आडवी व्हायला लागली होती. समोरून पट्टी गेली, गवत आलं, शेड आली, कडुनिंब आला, दूर शेळ्या हाकणारा मुलगा आला. उजवा पंख जमिनीला लागला तेव्हा नांगराचा फाळ दगडाला घासावा तसा आवाज झाला. मग धूळ. धूळ खाली बसली तेव्हा मी ज्या दिशेने उतरलो होतो तिकडेच तोंड करून उभा होतो. मॅग्नेटो बंद केले, पेट्रोल बंद केलं. तापलेल्या तेलाचा वास येत होता, आणि उजवा पाय अजून पेडल रेटत होता.

सर पळत आले. "लागलं का कुठे?" एवढंच विचारलं. संध्याकाळी ऑफिसात नोंदवहीत मी इंग्रजीत लिहिलं, 'सडन गस्ट फ्रॉम लेफ्ट'. डावीकडून अचानक झोत. लिहिताना खोटं लिहितोय असं मला वाटलं नव्हतं. वारा होताच की. सॉक फडफडत होताच.

दुसऱ्या दिवसापासून मला पंख दुरुस्तीला लावलं. क्लबचे मेकॅनिक हवाई दलातून निवृत्त झालेले होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. फाटलेलं कापड कापून त्यांनी आतली वाकडी फासळी काढली, नवी बसवली, नवं कापड चढवलं आणि मेण लावलेल्या दोऱ्याने लांब सुईने ते फासळीला शिवलं. सुई वरून जायची, मी खालून हाताने चाचपून ती परत वर द्यायचो. मग त्यावर डोपचे हात. डोप म्हणजे एक तऱ्हेचं व्हार्निश, त्याला पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो आणि तो डोक्यात चढतो. एक हात दिला की ढिलं कापड आकसतं, वाळलं की दुसरा हात, असं करत करत ते डफासारखं ताणतं. चाचा बोटाची टिचकी मारून आवाज ऐकायचे आणि मान हलवून पुन्हा ब्रश घ्यायचे. चार दिवसांत ते माझ्याशी अपघाताविषयी एक अक्षर बोलले नाहीत.

रविवारी घरी गेलो. माझे वडील, अण्णा, एस. टी.त ड्रायव्हर होते. सोसायटीचं कर्ज काढून त्यांनी माझ्या उड्डाणाच्या तासांचे पैसे भरले होते, आणि हे सांगायला मला सगळ्यात जड गेलं. ते ड्युटीवरून आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. मी सगळं सांगितलं. वारा किती, कुठून, कसा झोत आला. ते मध्ये काही बोलले नाहीत. ताटावरून उठताना विचारलं, "आणि तुझा पाय कुठं होता?"

"रडरवर होता, अण्णा."

"दाबलेला होता का नुसता ठेवलेला?"

मी गप्प बसलो.

हात धुऊन ते ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, उघड्या माळावर रिकामी गाडी वाऱ्याने ओढते, त्याला कुणी अपघात म्हणत नाही, त्यासाठी स्टिअरिंग धरायला माणूस ठेवलाय. मग म्हणाले, "गाडी स्टँडात शिरायच्या आधी ड्रायव्हर मनानं घरी पोचतो. ठोकर लागते ती तिथं." विमान त्यांनी तोवर जवळून पाहिलंही नव्हतं.

मी सोमवारी पहाटे क्लबात गेलो आणि पट्टीवर चालत निघालो. टायरची रेघ अजून होती. मला वाटलं होतं ती एका जागी फटकन वळलेली असेल. झोत आला असता तर तशीच वळली असती. ती फटकन वळली नव्हती. सरळ रेघेला आधी बोटभर बाक आला होता, मग वीतभर, मग हातभर. मी पावलं मोजली. पहिल्या बाकापासून रेघ पट्टी सोडून गवतात जाईपर्यंत बेचाळीस पावलं भरली, आणि त्यातल्या पहिल्या वीस पावलांत नुसता अंगठा दाबला असता तरी ती सरळ झाली असती. एवढा वेळ मला मिळाला होता. वाऱ्याने मला काही फसवलं नव्हतं. तो चार वाजल्यापासून तसाच वाहत होता.

नोंदवही मागून मी तो शेरा खोडला, खाली लिहिलं की टेकल्यावर आयलेरॉन, म्हणजे हाताने हलवायचा पंखाचा पडदा, वाऱ्यात धरला नाही आणि उजवा रडर सोडला. सही केली. सरांनी वाचलं, बाजूला त्यांची सही केली. विमान दुरुस्त झाल्यावर त्यांनी मला आडव्या वाऱ्याच्याच दिवशी नेलं आणि टेकण्याच्या वेळी आपला डावा तळहात माझ्या उजव्या गुडघ्यावर ठेवला. शेडपाशी येऊन पंखा थांबेपर्यंत तो उचलला नाही. पाय दाबलेला आहे का ठेवलेला, हे त्यांना हाताला कळत होतं.

आपल्याकडे अशा प्रसंगांना एक तयार वाक्य आहे. रोज वर्तमानपत्रात येतं. 'चालकाचा ताबा सुटल्याने.' मराठीत ताबा आपला आपण सुटतो, जसा पाऊस पडतो, जसा वारा सुटतो. हे वाक्य मला त्या दिवसापासून सहन होत नाही. ताबा बहुतेक वेळा कुणीतरी सोडलेला असतो, आणि ते कुणी, कधी, किती पावलांवर सोडलं हे सांगितलं तरच पुढच्या माणसाला त्याचा उपयोग. मी 'झोत आला' एवढंच ठेवलं असतं तर त्या पुष्पकवर बसणाऱ्या पुढच्या पोराला झोताची भीती मिळाली असती, आणि पायाची गोष्ट कळलीच नसती.

असल्या गिरक्यांनी कोणालाही सोडलेलं नाही. 20 मार्च 1937 रोजी होनोलुलूजवळ ल्यूक फील्डवर अमेलिया एअरहार्टचं विमान पृथ्वीप्रदक्षिणेतल्या उड्डाणासाठी धावतानाच ग्राउंड लूपमध्ये गेलं. दुरुस्तीनंतर तिने प्रदक्षिणेची दिशाच उलटी केली, आणि त्याच वाटेवर 2 जुलैला ती नाहीशी झाली. गिरकी नसली तरी वारा मोठ्या विमानालाही सोडत नाही. 1 मार्च 2008 रोजी हॅम्बुर्गला वादळी आडव्या वाऱ्यात एका एअरबस ए-320 च्या डाव्या पंखाचं टोक धावपट्टीला घासलं. वैमानिकांनी विमान पुन्हा वर उचललं, फिरून आले आणि सुखरूप उतरवलं. त्याची चित्रफीत मी विद्यार्थ्यांना दाखवतो. ती त्या घासण्यासाठी दाखवत नाही, पुढच्या दोन सेकंदांसाठी दाखवतो. उतरणं बिनसलं की थ्रॉटल पुढे करून परत वर जाता येतं. परत फिरणं ही नामुष्की नाही, हे आमच्या वेळी कुणी मोठ्याने सांगत नसे.

आता बारामतीला, गोंदियाला, धुळ्याकडे मुलं-मुली सेसनासारख्या नाकचाकी विमानांवर शिकतात. ही विमानं शेपटीवर टेकणाऱ्यांपेक्षा पुष्कळ समजूतदार आहेत, चुका पोटात घालतात. म्हणूनच मला जास्त काळजी वाटते. सेसना 172 च्या पुस्तकात आडव्या वाऱ्यापुढे पंधरा नॉट हा आकडा आहे. मुलं विचारतात, "सर, पंधरापर्यंत चालतं ना?" तो आकडा म्हणजे चाचणी वैमानिकाने करून दाखवलेला वारा. पंधरा नॉटमध्ये त्याने उतरवलं, एवढंच ते पुस्तक सांगतं. तो वैमानिक चाळीस तासांचा नव्हता, आणि उतरल्यावर त्याने पाय सोडला नव्हता. वेग कमी होत जातो तसा रडर निकामी होत जातो, म्हणून पाय उलट आणखी खोल जायला हवा, हात आणखी वाऱ्याकडे जायला हवा. उतरणं संपतं ते विमान खुंट्यांना बांधल्यावर. तोवर मी शेजारी बसून एकच शब्द विचारत राहतो, "पाय?"

1986 च्या हिवाळ्यात मला लायसन्स मिळालं. पहिला प्रवासी म्हणून मी अण्णांना नेलं. पुष्पक तेच होतं, उजव्या पंखाच्या टोकाचं कापड बाकीच्यापेक्षा किंचित गडद. अण्णांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. वरून मी त्यांना डांबरी रस्ता दाखवला, त्यांच्या रूटवरचा पूल दाखवला, स्टँडात उभ्या लाल गाड्या दाखवल्या. ते बघत होते, मान हलवत होते. उतरताना डावीकडून आठ नॉट वारा होता. डावं चाक टेकलं, मग उजवं, मग शेपूट. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते बाहेर बघत नव्हते. खाली वाकून माझ्या पायांकडे बघत होते, आणि शेडपाशी इंजिन बंद होऊन पंखा थांबेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.